जखमी पाणपक्ष्यांच्या रेस्क्यूवर स्टुडंट डॉक्युमेंटरी करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात असताना मी पहिली डॉक्युमेंटरी केली ती जखमी पाणपक्ष्यांवरच, बावीस मिनिटांची, आणि त्यानंतर असा विषय घेतलेली मुलं अधूनमधून माझ्याकडे येत राहिली. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून सगळे इथे एकत्र लिहितोय. काही उत्तरं लांबलीयत, कारण तिथे चूक झाली तर एखाद्या पक्ष्याचा जीव जातो. काही दोन ओळींत संपतात कारण तिथे फार सांगण्यासारखं नाहीच.

पाणपक्षी म्हणजे फक्त बदकं का?

काटेकोर बोलायचं तर बदकं, हंस आणि राजहंस यांचा एक गट आहे आणि रेस्क्यूची माणसं बऱ्याचदा त्यांच्याबद्दलच बोलत असतात. पण रेस्क्यू सेंटरमध्ये गेलात की टिबुकल्या, पाणकावळे, बगळे, वारकरी, कुरव असे सगळेच दिसतील. फिल्मसाठी एवढं लक्षात ठेवा की प्रत्येकाला हाताळायची पद्धत वेगळी. बदक पंख आपटतं, राजहंसाच्या पंखाचा फटका जोरात बसतो, आणि बगळा सरळ डोळ्यावर चोच मारतो, म्हणून बगळा हातात घेणारा माणूस गॉगल घालतो. तो गॉगल का घातलाय हे फिल्ममध्ये एका वाक्यात आलं तरी बघणाऱ्याला कामाची जाणीव होते.

विषय एवढा मोठा आहे, सुरुवात कुठून करायची?

एका पक्ष्यापासून करू नका. सगळे हेच करतात, आणि तो पक्षी तिसऱ्या दिवशी मेला की फिल्म अडकते. मग मुलं हवालदिल होऊन दुसरा तसाच पक्षी शोधत फिरतात, आणि तिथून खोटेपणा सुरू होतो. एका माणसापासून किंवा एका कामापासून सुरुवात करा. म्हणजे सकाळी सहाला येऊन रात्रभरात कोण जगलं कोण गेलं ते बघणारी ताई, किंवा तलावाकाठची तंगूस, म्हणजे मासेमारीचा तुटलेला नायलॉनचा दोरा, गोळा करणारा माणूस, किंवा नुसती एक्सरेची खोली. पक्षी येतील, जातील, काही बरे होतील, काही नाही, पण काम रोज असतं आणि ते शूट करता येतं.

दुसरं म्हणजे कारण एकच धरा. शिसं, तंगूस, तेल, रोगराई, रस्ते, वायरी हे सगळं पंधरा मिनिटांत कोंबलं तर कशाचंच काही वाटत नाही बघणाऱ्याला. माझ्या फिल्ममध्ये मी पाच कारणं घातली होती, आज केली तर एकच घालेन.

ही कारणं नीट समजावून सांगाल का? स्क्रिप्टमध्ये काय लिहायचं कळत नाही.

हे नीट वाचा कारण इथेच फिल्मचा खरा माल आहे.

शिसं. बदकांना दात नसतात, ती बारीक खडे गिळतात आणि पोटातल्या पेषणीत ते खडे अन्न दळतात. तळाच्या चिखलात शिकारीचे छर्रे किंवा गळाला लावायची शिशाची वजनं पडलेली असली तर बदक ती खडे समजून गिळतं, पेषणीत ती झिजतात आणि शिसं रक्तात जातं. पंख खाली लोंबतात, चाल अडखळते, विष्ठा गडद हिरवी होते, पक्षी पोट भरलेलं असूनही वाळत जातो. एक्सरेमध्ये पोटात पांढरे ठिपके लख्ख दिसतात आणि माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात बोलकी फ्रेम आहे. ब्रिटनने १९८७ मध्ये शिशाच्या बहुतेक वजनांच्या विक्रीवर बंदी घातली आणि त्यानंतर तिथल्या राजहंसांची संख्या पुन्हा वाढली. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, आणि युरोपियन युनियनने पाणथळ जागांमध्ये ते फेब्रुवारी २०२३ पासून बंद केले. म्हणजे ही गोष्ट नुसती रडण्याची नाही, माणसाने ठरवलं तर कमी होते, हे दाखवायला पुरावा आहे.

तंगूस आणि गळ. नायलॉनची तंगूस पायाला गुंडाळली की पक्षी जितका ओढतो तितकी ती रुतते, रक्त पोचत नाही आणि पाय काळा पडतो. गळ गिळला असेल तर बाहेर फक्त चोचीतून लोंबणारा दोरा दिसतो. तो दोरा कधीही ओढायचा नाही आणि चोचीजवळ कापायचाही नाही, कारण डॉक्टरांना आतला गळ शोधायला तोच धागा कामी येतो. हे मला असं ठासून सांगावंसं वाटतं कारण आमच्या शूटच्या दुसऱ्याच दिवशी आमच्यातला एक जण ओढायला निघाला होता, रेस्क्यूच्या फोनवरच्या ताई अक्षरशः ओरडल्या म्हणून थांबला, आणि संध्याकाळी एक्सरेत गळ अन्ननलिकेत आडवा रुतलेला दिसला.

बोट्युलिझम. जिवाणूंच्या विषाने पक्षी लुळा पडतो तो हा आजार. उथळ, गरम, ऑक्सिजन कमी झालेल्या पाण्यात हे जिवाणू विष तयार करतात. पक्षी मरतो, त्याच्या मढ्यात अळ्या होतात, अळ्यांमध्ये विष साठतं, दुसरा पक्षी त्या अळ्या खातो आणि तोही पडतो, असं चक्र चालू राहतं. मान उचलता येत नाही म्हणून पक्षी पाण्यात असला तर बुडून मरतो. राजस्थानच्या सांभर सरोवरात २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अठरा हजारांहून जास्त पक्षी याने मेले. अशा वेळी रेस्क्यूइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे मेलेले पक्षी उचलणं. ते दिसायला भयंकर असतं पण चक्र तिथेच तुटतं, तेव्हा हे काम करणाऱ्यांना फिल्ममध्ये जागा द्या.

तेल. पिसांचे बारीक तंतू एकमेकांत हुकासारखे अडकलेले असतात म्हणून पाणी आत शिरत नाही. तेलाने ती वीण विसकटते, पाणी थेट कातडीला लागतं आणि पक्षी थंडीने काकडतो. वर तो चोचीने पिसं साफ करायला जातो आणि तेल पोटात जातं. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ टँकर फुटला तेव्हा साधारण अडीच लाख समुद्री पक्षी मेले असा अंदाज आहे. लोकांना वाटतं पक्षी आणला की लगेच धुवायचा, पण तसं करत नाहीत. आधी ऊब, पाणी, नळीने अन्न, आणि तब्येत सावरली की मगच धुणं, कारण धुणं हाच पक्ष्यासाठी मोठा धक्का असतो. पाणी पक्ष्याच्या अंगाएवढं गरम म्हणजे चाळीस अंशांच्या आसपास, त्यात भांडी घासायचं लिक्विड, टबामागून टब. आणि धुण्याइतकंच खळबळणं महत्त्वाचं, साबणाचा अंश राहिला तरी पिसं पाणी धरतात. दोन माणसं लागतात, एक धरायला, एक धुवायला, आणि त्या वेळात कुणी फारसं बोलत नाही. हा सीन मिळाला तर कट न करता ठेवा.

सेंटरवाले शूटिंगला परवानगी देतात का?

देतात, पण पहिल्या दिवशी कॅमेरा घेऊन जाऊ नका. आधी दोन-तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जा, टब घासा, टॉवेल धुवा, मासे कापा. तिथल्या माणसांना तुमचं वागणं कळतं आणि तुम्हाला तिथली दिनचर्या, त्यामुळे कुठे उभं राहिलं की कुणाच्या मध्ये येत नाही हे आपोआप समजतं. मग लेखी परवानगी मागा, त्यात कुठल्या खोल्या, किती वेळ, किती माणसं हे स्पष्ट लिहा. माणसं जास्तीत जास्त दोन न्या. पाच जणांचा ग्रुप असला तरी आत दोनच.

जंगली पक्षी पकडणं, जवळ ठेवणं, वाहून नेणं यावर जवळजवळ सगळ्या देशांत कायदा असतो, आणि तुमचं शूटिंग त्या कायद्याखाली काम करणाऱ्यांच्या परवान्यावर चाललेलं असतं. तुमच्या एका पोस्टमुळे त्यांचा परवाना अडचणीत येऊ शकतो. म्हणून शूट चालू असताना काहीही अपलोड करायचं नाही, अगदी स्टोरीसुद्धा नाही, त्यांना विचारल्याशिवाय.

शूटला गेलो आणि आम्हालाच जखमी पक्षी सापडला तर? आधी शूट करायचं की आधी मदत?

मदत. यावर दुमत नको. कॅमेरा चालू असेल तर तसाच कुठेतरी ठेवून द्या, जे रेकॉर्ड होईल ते होईल.

पहिल्यांदा रेस्क्यूला फोन करा आणि ते सांगतील तेच करा. पकडायला सांगितलं तर पक्ष्याला पाण्याकडे पळू देऊ नका, तुम्ही पाण्याच्या बाजूला उभे राहा, कारण एकदा पाण्यात गेला की हाती लागत नाही. मोठा टॉवेल अंगावर टाका, डोळे झाकले की बहुतेक पक्षी शांत होतात. पंख अंगाशी मिटलेले राहतील असं धरा, पण छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, श्वास घ्यायला छातीचं हाड पुढे-मागे हलावं लागतं, ते घट्ट धरलं तर पक्षी तुमच्या हातातच गुदमरतो आणि तुम्हाला कळतही नाही. घाबरून धरलेल्या हातांनी पक्षी मेल्याचं मी पाहिलंय, ते हात प्रेमानेच धरत होते.

मग भोकं पाडलेलं खोकं, तळाला टॉवेल, अंधार, शांतता. खायला नको, पाणीही चोचीत ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. गाडीत गाणी बंद. आणि खोकं उघडून उघडून बघायचं नाही, शॉटसाठी तर नाहीच. प्रवासाचा सीन हवा असेल तर बंद खोक्याचा घ्या, मांडीवर खोकं धरून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा घ्या. आत काय चाललंय ते दिसत नाही यातच सगळा ताण आहे.

पक्षी खरंच जखमी आहे हे कसं ओळखायचं? उगाच पकडलं तर?

चांगला प्रश्न, कारण उगाच पकडलेले पक्षीही बरेच येतात सेंटरमध्ये. वर्षातून एकदा बहुतेक बदकं उडायची सगळी पिसं एकदम गाळतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही, नरांचा रंगही फिका पडतो. लोकांना वाटतं पंख मोडला. टिबुकलीसारख्या पक्ष्यांचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात, त्यांना जमिनीवरून उडता येत नाही, पाण्यावर धावतच उडावं लागतं. रात्री ओला रस्ता चमकतो, पक्षी पाणी समजून उतरतो आणि अडकतो. असा पक्षी धडधाकट असू शकतो, तरी तपासून मगच पाण्यात सोडतात.

तंगूस दिसणं, रक्त, एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली, मान लुळी, माणूस जवळ गेला तरी न हलणं ही खरी लक्षणं. आणि एक, पंखाचं टोक बाहेर वळलेलं असेल, म्हणजे विमानाच्या पंखासारखं बाजूला निघालेलं, तर ते बहुधा मोडलेलं नसतं. वाढीच्या वयात तसा दोष होतो, आणि लोकांनी पाव वगैरे भरवणं हे त्याचं एक कारण मानतात. पिल्लू लहान असताना पट्टी बांधून सुधारतं, मोठ्या पक्ष्यात नाही.

पक्ष्याला आमच्यामुळे त्रास होतोय हे कसं कळेल?

चोच उघडी ठेवून श्वास घेतोय, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होतेय, डोळे ताठ, अंग आखडून एका कोपऱ्यात बसलाय, यातलं काहीही दिसलं की कॅमेरा बंद करून बाहेर. आजारी पक्षी शांत बसलाय म्हणजे त्याला बरं वाटतंय असा अर्थ नाही. शिकार होणारे प्राणी दुखणं लपवतात, त्याच्यासाठी तुम्ही शिकारीच आहात. पकडण्याच्या ताणानेच स्नायूंची नासाडी होऊन काही दिवसांनी पक्षी मरू शकतो, लांब पायांच्या पक्ष्यांत हे जास्त होतं. तेव्हा "पाच मिनिटंच तर होतो आत" हे वाक्य मनातून काढून टाका.

आम्ही एक नियम केला होता, ज्याच्या हातात पक्षी आहे त्याने "बस" म्हटलं की कुणीही "अजून एक टेक" म्हणायचं नाही. पहिल्या आठवड्यात माझा एक फार सुंदर शॉट त्यात गेला. पुढच्या आठवड्यापासून त्या माणसाने स्वतःहून आम्हाला आत बोलवायला सुरुवात केली.

कॅमेरा कुठला घ्यायचा? मोबाइलवर होईल?

होईल. सेंटरच्या आतलं सगळं मोबाइलवर होतं. तलावावरचं मात्र लांबून घ्यावं लागतं, त्यासाठी ३०० ते ६०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स कॉलेजातून किंवा भाड्याने मिळवा आणि भक्कम ट्रायपॉड घ्या, एवढ्या लांब लेन्सवर हात जरा थरथरला तरी फ्रेम नाचते.

फोकसचा बीप, लाल दिवा, फ्लॅश सगळं आधी बंद करा. पिल्लांच्या खोलीत उबेचे लाल दिवे असतात, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलं तर रंग सारखा बदलत राहतो, लॉक करा. पक्ष्यांच्या वॉर्डात माणूस नको असेल तर छोटा अॅक्शन कॅमेरा पिंजरा रिकामा असताना, साफसफाईच्या वेळी लावून ठेवा आणि पुढच्या साफसफाईला काढा. त्या फुटेजमध्ये तासन्‌तास काही होत नाही आणि मग एकदम पक्षी पहिल्यांदा पिसं विंचरायला लागतो. पिसं विंचरणं म्हणजे त्याला जगण्याची उमेद आलीय असं तिथली माणसं म्हणतात.

ड्रोन नको. तलावावर ड्रोन गेला की अख्खा थवा उठतो, अंडी उघडी पडतात.

साउंडचं काय?

पिक्चरपेक्षा साउंडने फिल्म जास्त बिघडते. पाण्याकाठी वारा असतो, माइकवर केसाळ कव्हर पाहिजेच. प्रत्येक खोलीत एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, एडिटला लागते. पंपांचा घरघराट असेल तर तो बंद करायला सांगू नका, पक्ष्यांच्या टाकीचं पाणी त्याच्यावर चालतं, इंटरव्ह्यू दुसरीकडे घ्या. आणि पट्टी फाडण्याचा आवाज, टबात पाणी पडण्याचा, जाळीवर पायांचा चटचट आवाज, हे जवळून वेगळे घेऊन ठेवा.

पिल्लं शूट करताना काही वेगळं?

हो, बोलायचं नाही. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू जे हलतं-बोलतं दिसेल त्याला आई मानू शकतं, प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कॉनराड लोरेंझ यांनी १९३५ मध्ये हंसांच्या पिल्लांवरचं हे काम मांडलं. माणसाला आई मानलेलं पिल्लू पुढे माणसांना घाबरत नाही, आणि बाहेरच्या जगात तेच त्याच्या जिवावर बेततं. म्हणून काही सेंटरमध्ये कर्मचारी चेहरा झाकतात, पिल्लांसमोर गप्प राहतात, एकटं पिल्लू असेल तर त्याला आरसा किंवा दुसरं पिल्लू देतात. पडद्याच्या फटीतून शूट करा. हातावर पिल्लू घेतलेला फोटो पोस्टरला वापरू नका, लोक तेच करायला जातात.

बर्ड फ्लूची भीती आहे का?

काळजी घ्यावीच लागते. एच-पाच-एन-एक हा प्रकार गेल्या काही वर्षांत जगभर जंगली पाणपक्ष्यांत पसरलाय. मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, सेंटरने सांगितलेला मास्क आणि हातमोजे घालायचे. पण मुलं एक गोष्ट विसरतात, तुम्हीच रोग इकडून तिकडे नेऊ शकता. ट्रायपॉडचे पाय चिखलात असतात, तोच ट्रायपॉड दुपारी सेंटरमध्ये. बूट आणि ट्रायपॉडचे पाय प्रत्येक जागेनंतर घासून जंतुनाशकाने पुसा. घरी कोंबड्या किंवा पोपट असतील तर सेंटरला आधीच सांगा. साथ चालू असताना सेंटर बंद असेल तर बाहेरून, फोनवर, गेटवर जे मिळेल ते शूट करा, बंद गेट हीसुद्धा गोष्टच आहे.

इंटरव्ह्यूत माणसं तेच तेच बोलतात, काय करू?

खुर्चीत बसवून "तुम्हाला हे काम करताना कसं वाटतं" विचारलं की सगळे तेच बोलणार. हात कामात असताना विचारा. "आता तुम्ही काय बघताय?" "हा पंख असा का धरलात?" "कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे?" माणूस कामाबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल कधी बोलायला लागतो त्याचं त्यालाही कळत नाही. एका ताईंना मी विचारलं की तुम्ही वजन करताना दरवेळी काटा दोनदा का बघता, त्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, पहिल्यांदा आशेने बघते, दुसऱ्यांदा खरं बघते.

मासेमाऱ्यांशीही बोला. त्यांना व्हिलन करू नका. तुटलेली तंगूस गोळा करणारे, अडकलेला पक्षी आणून देणारे तेही असतात, आणि पाणी रोज बघणारी माणसं तीच आहेत.

पक्षी मेला तर फिल्ममध्ये दाखवायचं का?

हो. जखमी होऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळ पक्षी वाचत नाहीत, आणि काहींना डॉक्टर स्वतः शांतपणे मरण देतात कारण दुसरं काही केलं तर ते हालच होतील. पाण्यावर राहणारा पक्षी फार दिवस कोरड्या जमिनीवर ठेवला तर छातीच्या हाडावर जखमा होतात, दमट गवतातून फुप्फुसात बुरशी होते, त्यामुळे "ठेवून बघू अजून महिनाभर" हे दरवेळी दयेचं नसतं. हे प्रेक्षकाला समजावलं नाही तर त्याला वाटतं की यांनी प्रयत्न सोडले.

कसं दाखवायचं हा तुमचा निर्णय. शेवटचं इंजेक्शन जवळून दाखवायची गरज मला कधी वाटली नाही. आम्ही एका मादीवर नऊ दिवस शूट केलं होतं, शिशाची केस होती, सातव्या दिवशी ती स्वतः खायला लागली आणि आम्ही सगळे खूश, दहाव्या दिवशी सकाळी पोचलो तर पिंजरा धुऊन पालथा वाळत घातलेला. कॅमेरामनने काही न बोलता त्या पिंजऱ्याचा शॉट घेतला, पाणी ठिबकतंय एवढंच. फिल्ममध्ये तिचं मरण तेवढंच आहे. त्यानंतर लगेच म्युझिक टाकू नका, त्या खोलीचा आवाज राहू द्या.

आणि पक्ष्यांना नावं ठेवण्याबद्दल, सेंटरवाले ठेवत असतील तर ठेवा, तुम्ही तुमच्याकडून ठेवू नका. ते नंबरने बोलत असतील तर त्यामागे कारण असतं.

एखादा सीन हुकला तर परत करून घेतला तर चालेल का?

माणसांचा, म्हणजे दार उघडणं, फोन उचलणं, गाडी निघणं, हे चालेल. पक्ष्याचा कधीच नाही. पुन्हा पकडायला लावणं, पट्टी परत सोडून बांधणं, हे शूटिंगसाठी केलं तर तुम्ही ज्याच्यावर फिल्म करताय त्यालाच इजा करताय. दुसऱ्या पक्ष्याचा शॉट पहिल्याचा म्हणून लावणंही नको. तिथल्या माणसांना एका नजरेत कळतं आणि त्यांचा तुमच्यावरचा विश्वास संपतो. हुकलं तर ज्याने बघितलं त्याच्या तोंडून सांगा.

सोडण्याचा शॉट कसा घ्यायचा?

सोडण्याआधीची पायरी आधी घ्या. पक्ष्याला टाकीत पोहायला ठेवतात आणि मग पिसं फुंकून बघतात की आत कातडी कोरडी आहे का. ओली असेल तर परत काही दिवस थांबायचं. ते एक फुंकर मारणं फार सुंदर दिसतं.

सोडताना पक्षी हवेत उडवत नाहीत, काठावर खोकं उघडून बाजूला होतात. तुम्ही पाण्याच्या बाजूला उभे राहू नका, त्याचा रस्ता मोकळा पाहिजे. सोडणाऱ्याच्या मागे, जरा बाजूला, वाइड फ्रेम. स्लो मोशन हवं असेल तर सेकंदाला १०० फ्रेम आणि शटर १/२०० वर, पण तयारी ठेवा की पक्षी उडणारच नाही. बऱ्याचदा तो नुसता पोहत काठच्या गवतात शिरतो आणि दिसेनासा होतो. मागे वळून बघत नाही. कॅमेरा बंद करू नका, आता सोडणाऱ्या माणसाकडे वळवा, तो रिकामं खोकं हातात घेऊन किती वेळ उभा राहतो ते घ्या.

जागा ओळखू येईल असं काही फ्रेममध्ये नको, दुर्मिळ पक्षी किंवा घरटी असतील तर अजिबात नको, आणि व्हिडिओ फाइलमधली लोकेशनची माहितीही काढून टाका.

सगळ्याचा शेवट वाईटच असतो का? प्रेक्षक निराश होऊन जातील.

नाही, चांगल्या गोष्टीही आहेत, फक्त त्यांच्यामागचं डोकं दाखवा. २००० साली जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत ट्रेझर नावाचं जहाज बुडालं, एकोणीस हजारांच्या आसपास पेंग्विन तेलाने माखले. ते धुतलेच, पण न माखलेले आणखी साडेएकोणीस हजार पेंग्विन पकडून शेकडो किलोमीटर लांब नेऊन समुद्रात सोडले. का, तर त्यांना पोहत घरी यायला दोन-तीन आठवडे लागणार आणि तेवढ्यात इकडचं तेल साफ करता येईल. माखलेल्यांपैकी दहातले नऊ वाचले. पक्ष्याची सवय कुणाला तरी नीट माहीत होती म्हणून हे जमलं.

लांबी, म्युझिक, नॅरेशन?

दहा ते पंधरा मिनिटं. म्युझिक कमी, रडवणारं पियानो नको. नॅरेशन शक्यतो नको, माणसं बोलू देत, आणि बोलायचंच असेल तर जे चित्रात दिसत नाही तेवढंच बोला. फुटेजच्या तीन कॉप्या, त्यातली एक दुसऱ्या घरी.

फिल्म झाल्यावर काय?

पहिलं स्क्रीनिंग सेंटरच्या लोकांसाठी, फायनल एक्स्पोर्टच्या आधी. चुकीचं काही असेल तर ते तेव्हाच सांगतील आणि तुम्हाला बदलता येईल. आमच्या फिल्ममध्ये आम्ही एका पक्ष्याची जात चुकीची लिहिली होती, तिथल्या सगळ्यात लहान स्वयंसेवक मुलीने पकडली.

आणि न वापरलेलं फुटेज फेकू नका, तारीख आणि पक्ष्याचा नंबर टाकून सेंटरला द्या. आमच्या त्या रात्रभर चालू ठेवलेल्या छोट्या कॅमेऱ्यात एक पाणकावळा होता, दिवसा माणसं असताना तो दोन्ही पायांवर ताठ उभा राहायचा, म्हणून सगळ्यांना वाटायचं की पाय बरा झाला. फुटेजमध्ये रात्री दोनच्या सुमाराला, कुणी नसताना, तो डावा पाय उचलून धरताना दिसला. डॉक्टरांनी ते बघितलं आणि त्याचं सोडणं पुढे ढकललं, अकरा दिवसांनी सोडला. तो शॉट आमच्या फिल्ममध्ये कुठेच बसला नाही.